कामथडी परिसर (भोर–वेल्हे) : निसर्ग, इतिहास व पर्यटन

कामथडी हे महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यातील एक गाव. ते पुण्याच्या दक्षिणेस सु. ४० किमी. अंतरावर, पुणे–सातारा महामार्गावर नसरापूरचा चेलाडी फाटा व कापूरहोळ यांच्या दरम्यान वसले आहे. गाव स्वतः प्रेक्षणीय म्हणून प्रसिद्ध नाही. तथापि भोर व वेल्हे या दोन डोंगराळ तालुक्यांत शिरणारे प्रमुख रस्ते याच टापूतून फुटतात. चेलाडी फाट्यावरून पश्चिमेकडे नसरापूरमार्गे राजगड, तोरणा व वेल्हे यांकडे, तर कापूरहोळहून नैर्ऋत्येस भोर, भाटघर व वरंधा घाट यांकडे जाता येते. त्यामुळे या परिसराच्या पर्यटनाचा विचार कामथडीच्या टापूपासून करणे सोयीचे ठरते. वेल्हे तालुक्यास राजगड असे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रस्तुत नोंदीत मात्र प्रचलित व ऐतिहासिक संदर्भांच्या सोयीसाठी वेल्हे हेच नाव योजिले आहे.

भूरचना व निसर्ग : हा सर्व प्रदेश दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांची कमीअधिक झीज होऊन पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, सपाट माथे व उभे कडे तयार झाले. स्थानिक लोक सपाट माथ्यास पठार, तर गडाच्या सोंडेवरील तटबंद सपाटीस माची म्हणतात. किल्ल्यांची रचना या नैसर्गिक घडणीवरच आधारलेली आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग कोकणात तुटक्या कड्यांनी उतरते, तर पूर्वेस तिचे फाटे निघून त्यांच्या दरम्यान लांबट खोरी निर्माण झाली आहेत. या खोऱ्यांनाच मावळ हे नाव असून गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे ही नावे सतराव्या शतकातील कागदपत्रांत वारंवार येतात.

नीरा नदी भोर तालुक्यात शिरगावजवळ, वरंधा घाटाच्या माथ्यालगत उगम पावते. वेळवंडी, गुंजवणी, कानंदी व शिवगंगा यांचे पाणी शेवटी नीरेसच मिळते. वेल्हे तालुक्याच्या उत्तर भागातील आंबी नदी मात्र मुठेच्या खोऱ्यात वाहते. म्हणजे एकाच लहानशा तालुक्याचे पाणी एकीकडे पुणे शहराकडे व दुसरीकडे नीरा कालव्यांच्या सखल प्रदेशाकडे जाते. पुढे या दोन्ही धारा भीमेत एकत्र येतात. या परिसराचा आधुनिक इतिहास समजून घेण्यास ही वस्तुस्थिती महत्त्वाची आहे.

पर्जन्यमानात पश्चिम-पूर्व असा मोठा फरक पडतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात सतत व मुसळधार वृष्टी होते, तर महामार्गालगतच्या कामथडी–नसरापूर पट्ट्यात ती बरीच कमी असते. घाटमाथ्याजवळील राहाटी व देवरायांत सदाहरित वृक्ष टिकून आहेत. जांभूळ, हिरडा, अंजनी हे वृक्ष व उतारांवरील कारवी ही येथील ठळक वनस्पतिसंपदा होय. कारवीला सात वर्षांच्या अंतराने एकाच वेळी बहर येतो. शेकरू, भेकर, रानडुक्कर, बिबट्या हे प्राणी व अनेक जातींचे पक्षी आढळतात. पावसाळ्याच्या अखेरीस रायरेश्वरसारख्या पठारांवर तेरडा, सोनकी इ. रानफुलांचे गालिचे पसरतात. खाचरातील भात हे मुख्य पीक असून उतारांवर नाचणी व वरई होतात.

प्रेक्षणीय स्थळे : नसरापूरजवळील बनेश्वर हे कामथडीस सर्वांत निकटचे स्थान. गर्द झाडीतील हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधविले. मंदिराच्या आवारात पाण्याची कुंडे असून तेथील पोर्तुगीज घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतील असल्याचे सांगितले जाते. मंदिरामागे शिवगंगा खडकावरून कोसळते. येथील वनविभागाचे उद्यान हे पुणेकरांच्या एक दिवसाच्या सहलीचे जुने ठिकाण आहे. कापूरहोळ हे संभाजी महाराजांस दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे यांचे गाव म्हणून ज्ञात आहे.

राजगड (मूळ नाव मुरुंबदेवाचा डोंगर) हा समुद्रसपाटीपासून १,३०० मी.हून अधिक उंच असून पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मध्यभागी उंचावलेला बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. सुवेळा माचीवरील खडकास पडलेले आरपार छिद्र ‘नेढे’ या नावाने प्रसिद्ध आहे. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी दुर्गस्थापत्याचा उत्कृष्ट नमुना मानली जाते. गुंजवणे गावाकडून चोर दरवाजाने, पाली गावाकडून पाली दरवाजाने व भुतोंड्याकडून अळू दरवाजाने गडावर जाता येते. तोरणा अथवा प्रचंडगड हा सु. १,४०० मी. उंचीचा, जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला वेल्हे गावाच्या माथ्यावर उभा आहे. झुंजार माची व बुधला माची हे त्याचे विशेष. गडावर मेंगाई देवीचे मंदिर आहे. राजगड व तोरणा यांस जोडणाऱ्या डोंगरधारेवरून केली जाणारी पदयात्रा महाराष्ट्रातील गिरिभ्रमणात विशेष मान्यता पावली आहे.

भोरच्या दक्षिणेस बाजारवाडीजवळ रोहिडा अथवा विचित्रगड आहे. त्याच्या पश्चिमेस रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार व केंजळगड आहेत. स्वराज्याची शपथ रायरेश्वराच्या मंदिरात घेतली गेली अशी परंपरा असून तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पठारावर जंगम कुटुंबांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती आहे. आंबवडे येथे नागेश्वर मंदिर, शंकराजी नारायण यांची समाधी व संस्थानकालीन झुलता पूल ही पाहण्यासारखी आहेत. भोर गावातील पंतसचिवांचा वाडा लाकडी कोरीवकाम व प्रशस्त चौक यांमुळे उल्लेखनीय असून अनेक चित्रपटांचे चित्रण तेथे झाले आहे. इंगवलीजवळ नीरेने घेतलेले वळण कंठहारासारखे दिसते, म्हणून त्यास ‘नेकलेस पॉइंट’ असे नाव पडले. वरंधा घाट, केळदजवळील मढे घाट व तेथील धबधबा, तसेच लिंगाणा व रायगड यांचे दर्शन घडविणारे मोहरीजवळचे रायलिंग पठार ही पावसाळी व हिवाळी सहलींची अन्य ठिकाणे होत. तानाजी मालुसरे यांचे शव १६७० मध्ये मढे घाटाने उमरठकडे नेले गेले, अशी लोकश्रुती आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आज ज्या वाटांनी पर्यटक जातात, त्या वाटा मुळात कोकण व देश यांमधील वाहतुकीच्या होत्या. मीठ, तांदूळ, हिरडा यांची ने-आण करणाऱ्या बैलांचे तांडे, महाडच्या बाजाराला जाणारे शेतकरी व देवदर्शनास निघालेले यात्रेकरू हेच तेथील पहिले प्रवासी. घाटावरील जकात व खोऱ्यातील सारा वसूल करणारी देशमुख घराणी या वाटांची राखणदार असत. त्यांपैकी कारीचे जेधे व हिरडस मावळातील बांदल ही घराणी शिवकालात विशेष पुढे आली. पावनखिंडीच्या लढाईत (१६६०) कामी आलेले बाजी प्रभू देशपांडे हे बांदलांच्या पदरचे होत.

तोरणा हा शिवाजी महाराजांनी सुरुवातीच्या काळात हस्तगत केलेल्या किल्ल्यांपैकी होय. तेथे सापडलेल्या द्रव्याचा उपयोग राजगडाच्या बांधकामासाठी झाला, असे सांगतात. रायगडास राजधानी हलविली जाईपर्यंत सु. पाव शतक स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. महाराणी सईबाई यांचा मृत्यू १६५९ मध्ये येथेच झाला आणि राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये येथेच झाला. पुरंदरच्या तहात (१६६५) तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. राजगड व तोरणा मात्र महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत होते. आग्र्याहून सुटका करून घेतल्यावर महाराज १६६६ मध्ये राजगडासच परतले.

औरंगजेबाने १७०४ मध्ये हे दोन्ही किल्ले जिंकून त्यांस अनुक्रमे नबीशाहगड व फुतूहुल्गैब अशी नावे दिली. ते परत मिळविण्यात शंकराजी नारायण सचिव यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या वंशजांकडे हा मुलूख चालत आला आणि त्यातूनच भोर संस्थान निर्माण झाले. सातारचे राज्य खालसा झाल्यावर हे संस्थान प्रत्यक्ष ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आले व १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. किल्ल्यांचे लष्करी महत्त्व १८१८ नंतर संपले. तटबंदी ढासळू लागली आणि गडावर जाणारे लोक म्हणजे गुराखी, देवीचे पुजारी व नवस फेडणारे भाविक एवढेच उरले. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये या किल्ल्यांची व घाटांची वर्णने आली आहेत, ती प्रशासकीय माहिती म्हणून. प्रेक्षणीय स्थळे म्हणून नव्हे.

धरणे व जलाशय : या परिसराच्या आजच्या सौंदर्यातील मोठा भाग, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेले निळे जलाशय, निसर्गनिर्मित नाही. वेळवंडी नदीवर भोरजवळ भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले व त्याच्या जलाशयास व्हायटिंग तलाव हे नाव मिळाले. त्या पाण्यावर नीरा डावा कालवा चालू लागला. पुढे त्याच्या खालच्या अंगास अधिक उंचीचे लॉइड धरण बांधण्यात येऊन ते १९२० नंतरच्या दशकात पुरे झाले. जुने धरण त्याच्या पाण्याखाली गेले. या धरणास आता भाटघर धरण व जलाशयास येसाजी कंक जलाशय म्हणतात. त्याची साठवणक्षमता सु. २३·५ अब्ज घन फूट आहे. त्यानंतर आंबी नदीवर पानशेत, नीरेवर नीरा-देवघर (सु. ११·७ अब्ज घन फूट) व वेल्ह्याजवळ गुंजवणी (सु. ३·७ अब्ज घन फूट) ही धरणे झाली. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुणे शहरात हाहाकार उडाला; नंतर ते पुन्हा बांधण्यात आले.

भाटघर व नीरा-देवघर यांचे पाणी मुख्यतः नीरेच्या दोन्ही तीरांवरील कालव्यांनी पूर्वेकडील कमी पावसाच्या तालुक्यांस मिळते आणि त्यावर तेथील ऊस व साखर कारखाने उभे आहेत. पानशेतचे पाणी पुणे शहर व त्याच्या पुढील शेतीस जाते. ज्या खोऱ्यांत हे पाणी पडते व साठते, तेथील तळाची भातखाचरे मात्र पाण्याखाली गेली. डोंगराळ प्रदेशात सपाट व सुपीक जमीन फक्त नदीकाठीच असते. ती गेल्यावर उरलेल्या उतारावरील शेतीने कुटुंब पोसणे कठीण होते, आणि घरातील तरुण पुणे-मुंबईकडे कामासाठी जातो. वरच्या अंगाच्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. जलाशय समोर दिसत असतो, पण तो वस्तीच्या खाली, उताराच्या तळाशी असतो. पाणी वर चढविण्याची सोय नसल्यास त्याचा उपयोग होत नाही.

भाटघरच्या पाण्यात बुडालेल्या स्थळांपैकी वेळवंड खोऱ्यातील कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरल्यावर उघडे पडते. त्या अल्पकाळात परिसरातील लोक दर्शनास जातात; अलीकडे हौशी पर्यटकही येऊ लागले आहेत. नव्याने आलेल्यास ते एक नवल वाटते. मूळ रहिवाशांच्या दृष्टीने ते त्यांच्या जुन्या गावाचे ठिकाण होय.

पर्यटनाचा विकास : गडांकडे केवळ पाहण्यासाठी जाण्याची प्रथा विसाव्या शतकात रुजली. शिवचरित्राच्या संशोधनाला मिळालेली गती, पुण्यातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली व स्वातंत्र्योत्तर काळातील ललित लेखन यांचा त्यात वाटा आहे. कादंबरीकार गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांचे राजगडावरील प्रेम सर्वश्रुत असून त्यांच्या दुर्गविषयक लेखनाने अनेक तरुणांना डोंगरांकडे वळविले. त्या काळी एस. टी. बसने नसरापूर वा वेल्हे गाठून पुढे पायी जाणे, गावातील मंदिरात मुक्काम करणे व कोणाच्या तरी घरी भाकरी खाणे हीच रीत होती. येणाऱ्यांची संख्या मर्यादित असल्याने गडावरील टाक्यांचे पाणी सर्वांना पुरत असे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. परंतु थंड हवेची ठिकाणे, लेणी व समुद्रकिनारे यांच्या तुलनेने हा परिसर बराच काळ गिर्यारोहकांपुरताच राहिला. यात खरा बदल महामार्गाने घडविला. २००० नंतर पुणे–सातारा मार्गाचे चौपदरीकरण झाले, खाजगी मोटारी वाढल्या व पुणे शहर दक्षिणेकडे पसरले. त्यामुळे कामथडी, नसरापूर व कापूरहोळ ही ठिकाणे शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आली. महामार्गालगत उपाहारगृहे, खोऱ्यांत शेतघरे व विश्रामधामे उभी राहिली आणि जलाशयाकाठच्या जमिनींस भाव आला. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांच्या प्रसारामुळे मढे घाट, रायरेश्वर, रायलिंग यांसारखी पूर्वी मोजक्यांना ठाऊक असलेली ठिकाणे थोड्या वर्षांत गजबजली.

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या शीर्षकाखाली बारा किल्ल्यांची नोंद केली. त्यांत महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी यांचा समावेश आहे. राजगड हा त्यांपैकी एक असून त्याचे संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. तोरणा, रोहिडा, केंजळगड हे त्याच डोंगररांगांतील किल्ले या नोंदीत नाहीत. तसेच २०१२ मध्ये सह्याद्रीतील जी नैसर्गिक स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदविली गेली, त्यांत कास पठार आहे, परंतु भोर–वेल्ह्यातील पठारे नाहीत. परिणामी एकाच भूप्रदेशातील एका गडावर निधी व गर्दी यांचा ओघ वळण्याचा आणि शेजारची स्थळे दुर्लक्षित राहण्याचा संभव आहे.

समस्या व भवितव्य : किल्ल्यांचे माथे अरुंद असून त्यांवरील पाण्याचा साठा खोदीव टाक्यांपुरताच असतो. पावसाळी सुटीच्या दिवशी येणाऱ्या मोठ्या समुदायामुळे पायवाटांची धूप, टाक्यांचे प्रदूषण व प्लॅस्टिकचा कचरा हे प्रश्न उद्भवतात. धबधबे व जलाशय येथे बुडून, तसेच कड्यांवरून पडून मृत्यू ओढवतात. त्यामुळे जिल्हा प्रशासनास पावसाळ्यात काही स्थळांवर प्रवेशबंदी जाहीर करावी लागते. वरंधा घाट दरडी कोसळल्याने पावसाळ्यात वाहतुकीस वारंवार बंद ठेवला जातो. पठारांवरील फुलांचे आयुष्य मातीच्या अत्यंत पातळ थरावर अवलंबून असते; वाहनांच्या चाकांखाली तो थर एकदा निघून गेल्यास पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. पश्चिम घाटातील संवेदनक्षेत्राविषयी २०१४ पासून वेळोवेळी प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या मसुदा अधिसूचनांत या दोन तालुक्यांतील गावे येतात. तथापि निर्बंधांमुळे घर बांधणे व शेती करणेही अवघड होईल, ही ग्रामस्थांची भीती आहे. धरणांचा अनुभव पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

आर्थिक लाभाचे वाटप हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. जलाशयकाठची जमीन विकलेल्या शेतकऱ्यास एकरकमी पैसा मिळतो. परंतु त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या विश्रामधामात तो बहुधा राखणदार अथवा माळी म्हणून राहतो. याउलट गुंजवणे, पाली, वेल्हे, केळद यांसारख्या पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण, मुक्काम, वाटाड्याचे काम व वाहनतळ यांतून मिळणारे उत्पन्न थोडे असले, तरी ते गावातच राहते आणि विशेषतः स्त्रियांच्या हाती येते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन न विकता तिच्यावर पाहुणे ठेवण्याची संधी त्यामुळे लहान शेतकऱ्यासही मिळू शकते. मात्र त्यासाठी वाडीपर्यंत बारमाही रस्ता, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह या प्राथमिक सोयी लागतात, आणि नेमक्या त्यांचीच अनेक ठिकाणी वानवा आहे.

मावळच्या या खोऱ्यांनी सतराव्या शतकात माणसे दिली व विसाव्या शतकात पाणी दिले. आता त्यांच्याकडे निसर्गसौंदर्य मागितले जात आहे. पहिल्या देण्याची नोंद इतिहासाने आदराने घेतली. दुसऱ्याची भरपाई पुरेशी झाली नाही. तिसऱ्या व्यवहारात स्थानिक लोकांचा वाटा कोणता, हे पुढील काही दशकांत ठरेल. जलाशयांतील पाण्याचा काही भाग वरच्या वाड्यांना उचलून देणे, गडांवरील व पठारांवरील प्रवेशाची संख्या त्यांच्या वहनक्षमतेनुसार ठरविणे, प्रवेशशुल्काचा विनियोग पायथ्याच्या ग्रामपंचायतींमार्फत करणे व केवळ एका गडाचा नव्हे, तर समग्र खोऱ्याचा एकत्रित आराखडा करणे हे त्यासाठी आवश्यक उपाय होत. कामथडी–कापूरहोळचा टापू हे या खोऱ्यांचे महाद्वार असल्याने वाहनतळ, माहिती केंद्र व सार्वजनिक बससेवा यांची सोय तेथेच केल्यास आतील अरुंद रस्त्यांवरील भार कमी होईल आणि गडापर्यंतचा प्रवास पूर्वीप्रमाणे गावागावांतून, सावकाश व तेथील माणसांच्या ओळखीने होऊ शकेल.

पहा : तोरणा, नीरा नदी, भाटघर धरण, भोर संस्थान, राजगड, सह्याद्रि.